आठळी मॅडम

मॅडमना फणस आवडत नसे. पिकलेल्या बरक्या फणसाचा वास आला की त्या ओढणी नाकाला लावून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालायच्या. आणि तरीही दर मे महिन्यात बदलापूर गावातल्या घराघरांत डोकावून "फणस फोडलात का हो?" असं विचारणारी बाई त्याच होत्या. लोक बिचारे कौतुकाने गऱ्यांचं ताट पुढे करायचे. मॅडम ते हळूच बाजूला सारून म्हणायच्या, "गरे तुम्ही खा. मला नुसत्या आठळ्या द्या."

एवढ्या आठळ्यांचं ही बाई करते काय, हा गावाला पडलेला प्रश्न होता. भाजी करते म्हणावं, तर घरात माणसं दोन, मॅडम आणि त्यांची आई. भाजून विकते म्हणावं, तर कॉलेजात चांगली नोकरी. शेवटी गावाने ठरवून टाकलं की शिकलेल्या माणसांना काहीतरी खूळ असतंच, आणि मे लागला की लोक आठळ्या धुऊन, सुपात वाळवून तयार ठेवायला लागले. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात ही गोष्ट पोचली आणि त्यांचं नाव पडलं आठळी मॅडम. मॅडमना ते ठाऊक होतं. एकदा एक सिंधी मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहून "आठळी मॅडम हैं क्या?" असं विचारून बसली आणि जीभ चावली. मॅडमनी आतूनच उत्तर दिलं, "हैं. आ जाओ."

त्या जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. मी अंबरनाथची, वडील कारखान्यात कामाला, घरात विज्ञान म्हणजे बारावीचे मार्क. एम.एस्सी.ला आल्यावर पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी सुईने स्वतःचं बोट टोचलं. "दुसऱ्याचं रक्त मागायच्या आधी आपलं काढावं," म्हणाल्या. त्या थेंबातल्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्यात धुऊन घेतल्या आणि काचेच्या पट्टीवर त्यांचा एक थेंब ठेवला. त्यात आठळ्यांच्या अर्काचा थेंब घातला आणि पट्टी हलकेच डोलवायला सांगितली. बघता बघता तो गुळगुळीत लाल थेंब फाटला. रव्यासारखे दाणे दिसायला लागले. मग दुसरी पट्टी घेतली. या वेळी अर्कात आधी गॅलॅक्टोज नावाची साखर मिसळली, दुधातल्या साखरेचा अर्धा भाग असतो ती. थेंब तसाच गुळगुळीत राहिला.

"का?" मॅडमनी विचारलं. आम्ही वह्या चाळायला लागलो.

"अरे, अर्कातल्या प्रथिनाचे हात आधीच साखरेने भरले. आता पेशीला कशाने धरणार?"

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, शुगर म्हणजे ती डायबेटिसवाली?"

"ती नव्हे रे बाबा. ती रक्तात विरघळलेली. ही पेशीच्या अंगावरची. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, झालरीसारख्या. हातमागाच्या लुगड्याचा काठ बघून जाणती बाई सांगते ना, हे अमक्या गावचं, तसा त्या झालरीवरून पेशीचा पत्ता लागतो. आणि ती झालर ओळखून नेमकी धरणारी जी प्रथिनं, ती लेक्टिनं. फणसाच्या आठळीत आहेत, वालात आहेत, आणि तुझ्या रक्तातही आहेत."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की लस टोचायच्या आधी, एखादा आजार होऊन जायच्या आधी, जन्मल्यापासूनच आपल्या रक्तात अशी प्रथिनं गस्त घालत असतात. जंतूंच्या अंगावरची झालर वेगळ्या धाटणीची असते. ती हाताला लागली की ही प्रथिनं तिला घट्ट धरतात आणि बाकीच्या फौजेला बोलावतात. मी भारावून गेलेली बघून मॅडमनी लगेच पाणी ओतलं. "फार खूश होऊ नकोस. जंतूंकडेही असे हात असतात. फ्लूचा विषाणू तुझ्या घशातली साखर धरूनच आत शिरतो. विद्या दोघांनाही येते."

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं, "आधी हात लाव, मग नाव ठेव." बाटलीतला अर्क गढूळ दिसला म्हणून कुणी "बिघडलाय" म्हणालं की हे वाक्य यायचं. कँटीनच्या मिसळीलाही यायचं आणि नव्याने आलेल्या प्रिन्सिपॉलनाही. माणसाला हात कसा लावायचा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्याच्याबरोबर काम करून बघायचं."

अर्क काढायचं पहिलं काम त्यांच्या घरीच व्हायचं. आठळीवरचं पांढरं कडक साल काढायचं, आतल्या गराचे तुकडे वाळवायचे आणि मिक्सरमधून पीठ करायचं. कॉलेजातला मिक्सर जळाल्यापासून घरचा वापरात आला होता, आणि त्यावरून मॅडमच्या आईंची रोज कुरकुर चालायची. आई जुन्या आगरी वळणाच्या, कासोटा घालणाऱ्या, आवाज खणखणीत. आम्ही दोघी-तिघी विद्यार्थिनी साल काढायला गेलो की त्या उंबऱ्यात बसून बोलायच्या, "मिक्सर माझा, शाला हिची. चटनीला आठलीचा वास येतो गो!" मॅडम वर्गात पुस्तकी मराठी आणि हिंदी बोलायच्या, पण आईसमोर त्यांचीही जीभ तिकडे वळायची. "आये, वास नाय येत. तुना भास होतो." मग आई आमच्याकडे बघून डोळे मिचकावायच्या आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला उठायच्या.

खरा प्रश्न पुढे होता. पीठ मिठाच्या पाण्यात भिजवून, गाळून, त्यातलं प्रथिन साक्यासारखं खाली बसवलं की ते थंडीतच ठेवावं लागे. कॉलेजचा फ्रिज जुना, त्यात आमच्या भागात शुक्रवारची वीज जायची. एका शुक्रवारी मॅडमची महिन्याभराची मेहनत नासली. त्यांनी बाटली धुतली, पालथी घातली आणि दुपारी कॉलेजसमोरच्या कुल्फीवाल्याकडे गेल्या. ते सिंधी अंकल, त्यांच्या दुकानात जनरेटर होता.

"अंकल, आपके फ्रीजर में एक डब्बा रखना है."

"कौन सा फ्लेवर, मॅडम?"

"फणस."

अंकल खूश झाले. मग मॅडमनी खरं काय ते सांगितलं आणि डब्याला सील लावून त्यावर मोठ्या अक्षरांत 'खाऊ नये' लिहिलं. अंकलनी सगळ्यात वरचा कप्पा त्यांना रिकामा करून दिला. गिऱ्हाइकाने त्या डब्याकडे बोट दाखवलं की ते हळू आवाजात सांगायचे, "वो नहीं साईं, वो बीमारी का रिसर्च है." डबा न्यायला मी जायची तेव्हा ते विचारायचे, "कुछ निकला क्या?" मी म्हणायची, "निकल रहा है, अंकल." त्यांना तेवढं पुरायचं.

या कामात नवीन काही नव्हतं, असं कॉलेजातले काही जण म्हणत. आठळीतलं हे प्रथिन जगाला ठाऊक होतं, त्यावर मोठमोठ्या प्रयोगशाळांत काम झालेलं होतं. एका मीटिंगमध्ये कुणीतरी हे तोंडावर बोललं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "जगात झालंय. उल्हासनगरात नव्हतं झालं. माझी मुलं उल्हासनगरात शिकतात."

त्यांना कुणाचंही कौतुक किंवा निंदा सरळ गिळता येत नसे. तुलना लागे. "कंट्रोल कुठाय?" हा त्यांचा दुसरा मंत्र. म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला नाही, त्याचं काय झालं ते आधी सांगा. शेजारची बाई म्हणाली, अमक्या महाराजांच्या अंगाऱ्याने माझा ताप उतरला. मॅडम म्हणाल्या, "ज्यांना अंगारा मिळाला नाही, त्यांचा उतरला नाही का?" माझ्यासाठी स्थळ आलं तेव्हा मी लाजत सांगितलं, मुलगा चांगला आहे. लगेच प्रश्न आला, "कशाशी ताडून?" पुढे त्याच मुलाशी माझं लग्न झालं आणि त्याच्या पानात पहिली जिलबी वाढायला मॅडमच होत्या.

एवढ्या काटेकोर बाईच्या मनात एक जागा अशी होती, जिथे ताडून बघण्याची सोयच नव्हती. ते मला अंबरनाथजवळच्या पालेगावला कळलं. तिथे एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे फणसाची मोठी झाडं होती आणि आठळ्यांचं पोतं तिथून यायचं. आता त्या जागेवर इमारती आहेत, त्यातल्याच एकीत मी राहते. त्या दिवशी आम्ही रिक्षाची वाट बघत झाडाखाली बसलो होतो. मॅडम सहज बोलावं तसं बोलल्या, "मला एक धाकटा भाऊ होता, वैशाली. दादू म्हणायचो आम्ही."

तो जन्मापासून सारखा आजारी पडायचा. छाती भरायची, कान वाहायचे, एक दुखणं बरं होतंय तोवर दुसरं. आई त्याला कडेवर घेऊन बदलापूर, उल्हासनगर, कल्याण असे दवाखाने फिरायची. शाळेत जायच्या वयाचा होण्याआधीच तो गेला. लोक आईला म्हणाले, तुझी नजर लागली, तुझं दूध वाईट. आईने ते ऐकून घेतलं आणि मनात ठेवलं.

"मी कॉलेजात गेल्यावर वाचलं," मॅडम म्हणाल्या, "की काही मुलांच्या रक्तात हे साखर धरणारं प्रथिन जन्मतःच कमी असतं. अगदी लहानपणी, बाकीची फौज तयार नसते तेव्हा, अशा मुलांना जंतू जास्त छळू शकतात. मला वाटलं, सापडलं. धावत घरी गेले आईला सांगायला."

"मग?"

"ओटीवर पोचेपर्यंत लक्षात आलं की असं प्रथिन कमी असलेली कितीतरी माणसं धडधाकट जगतात. दादूचं तेच होतं हे मी कशावरून सांगू? त्याच्या रक्ताचा थेंब कुठे आहे माझ्याकडे? मी आईला एवढंच सांगितलं, तुझ्या दुधाने नाही, नजरेने नाही. हे मला नक्की माहीत आहे. कशाने, ते माहीत नाही."

"आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मंग शोध." मॅडम हसल्या. "आईला वाटतं अजून शोधतेय मी."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी अंबरनाथला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले होते. गाठींच्या तुकड्यांच्या काचा तयार करायच्या, रंगवायच्या, डॉक्टरांसमोर ठेवायच्या, हे माझं काम. मॅडमचा फोन अधूनमधून यायचा. आज काय बघितलंस, असंच विचारायच्या, तब्येतीचं नंतर. एकदा त्यांनी तब्येतीचं आधी काढलं, तेव्हाच मी हातातली काच बाजूला ठेवली. आतड्यात गाठ होती. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं होतं, पण यकृतातही पसरली होती. हे सगळं झाल्यावर त्यांनी मला कळवलं होतं.

मी बदलापूरला गेले. मॅडम ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. आईंनी चहा आणून दिला आणि आत गेल्या. मॅडमनी पिशवीतून एक छोटी डबी काढून माझ्या हातावर ठेवली. आत मेणाची चौकोनी वडी होती. काढलेल्या गाठीचा तुकडा अशा मेणात बसवून ठेवतात, आणि मागितला तर पेशंटला परत मिळतो.

"याच्या काचा कर," मॅडम म्हणाल्या, "आणि आपली आठळी लावून बघ."

मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं. कॅन्सरच्या पेशींच्या अंगावरची झालर बिघडते. साखळ्या पुऱ्या विणल्या जात नाहीत, अर्धवट, उघड्या राहतात. आठळीतलं प्रथिन अशी उघडी टोकं चांगली धरतं. आम्ही पुस्तकात हे शिकलो होतो, पण या बाईच्या गाठीवर करून बघायचं म्हटल्यावर मी डबीचं झाकण लावून टाकलं.

"मॅडम, याने औषध बदलणार नाही."

"ठाऊक आहे गं मला. मला नुसतं बघायचंय." मग म्हणाल्या, "दादूच्या वेळी विचारायला काही उरलं नव्हतं. माझं तर आहे ना."

आमच्या लॅबच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रविवारी मशीन वापरायची परवानगी दिली. मेणाच्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढले, पाण्यावर तरंगवले, काचेवर घेतले. आठळीतलं प्रथिन आता रंगाची जोड लावून बाटलीत मिळतं. जिथे ते चिकटेल तिथे तपकिरी रंग उठतो. रोज मी असे काप करते. कुणाचे आहेत हे बघायचं नसतं, नंबर असतो फक्त. त्या दिवशी नंबर नव्हता. मी बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावायला धजले नाही. मग लावला. आतड्याचा निरोगी भाग फिका तपकिरी होता. आणि त्याच्या शेजारी, वेड्यावाकड्या दाटीत, गाठीच्या पेशी गडद रंगल्या होत्या. इतका स्वच्छ निकाल मी क्वचित बघितला असेल. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी, खरं सांगते, निकाल सुंदर आहे हेही कळत होतं.

फोटो घेऊन मी गेले तेव्हा मॅडम पलंगावर होत्या. मी मोबाइल समोर धरला. त्यांनी चष्मा मागितला, स्क्रीनवर बोटांनी चित्र मोठं केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"धरलंय की गं."

"हो, मॅडम."

"निरोगी भागातही थोडा रंग आहे."

"आहे थोडा."

"असणारच. आपली आठळी जरा सैल हाताची आहे. थोडं सगळ्यांनाच धरते." त्यांचा आवाज अगदी वर्गातला झाला होता. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "कंट्रोल?"

"लावला. गॅलॅक्टोज घालून दुसरी काच केली." मी पुढचा फोटो दाखवला. त्याच वडीचा शेजारचा काप, तीच गाठ, पण रंग नाही.

मॅडमनी मान मागे टेकली. "मग खरं आहे," म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधानाचं हसू बघितलं. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाल्या, "आपण किती आठळ्या सोलल्या गं. आता बाटलीत मिळतं."

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. त्यानंतर एकदा फोनवर बोलणं झालं, ते नीट ऐकू आलं नाही. मग त्या गेल्या.

मॅडम नसण्याची सवय होत नाही. लॅबमध्ये एखादी काच वेगळी निघते, काहीतरी न कळणारं दिसतं, आणि मनातल्या मनात मी वाक्य जुळवायला लागते की मॅडमना हे कसं सांगायचं. कुठल्या शब्दापासून सुरुवात केली तर त्या लगेच अडवतील, कुठे गप्प राहून ऐकतील. वाक्य तयार होतं. आणि ते कुणाला द्यायचं हे समजत नाही.

काही महिन्यांनी एका दुपारी त्यांच्या आईंचा फोन आला. शेजारच्या कुणी लावून दिला होता. "बाय, येशील का गो घरा? मना इचारायचा हाय."

मी गेले. आई ओटीवर एकट्याच होत्या. मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "तू तिना फोटो दाखवलास. मी आतून बघत होते. ती हसली. ती आजारात कंदी हसली नव्हती. काय होता त्या फोटोत?"

या बाईला, जिची दोन्ही मुलं गेली, मी काय सांगू? पण त्या वाट बघत होत्या. मग मी सांगितलं. पेशी म्हणजे काय, तिथपासून. अंगावर साखरेची झालर असते, जंतू त्या झालरीवरून ओळखू येतात, गाठीच्या पेशींची झालर विस्कटते. आठळीतल्या प्रथिनाने ती विस्कटलेली झालर धरली, तो रंग फोटोत होता. मॅडमना वाटलं होतं तसंच निघालं. माझं सांगून झाल्यावर आईंनी एवढंच विचारलं, "मंजे तिना शोधलेला तिना गावला?"

"हो आई. एवढं गावलं."

त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत, तोंड वळवलं नाही. मला वाटलं आता त्या उठतील, भाकरीचं विचारतील. मी उठायला लागले, पण त्यांनी माझा हात धरून मला परत खाली बसवलं.

"परत सांग गो," म्हणाल्या. "आता हलू सांग. मना पाठ करायचा हाय."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.